प्रश्न तुमचे : एफजीएफ-२ कुणाला धरतं आणि किती वेळ धरून ठेवतं?

मागच्या अंकात जखम कशी भरते यावर लिहिताना मी फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर-२, म्हणजे एफजीएफ-२, या पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. हे प्रथिन शुद्ध करण्यात आणि ते कशाला किती घट्ट बांधलं जातं हे मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे काही उत्तरं लांबली, तर ती जिव्हाळ्यापोटी लांबली असं समजावं.

प्रश्न : मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ग्रोथ फॅक्टर ही किल्ली आणि पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप, असं मी वर्गात सांगतो. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, एफजीएफची किल्ली दिसते कशी?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : तिने योग्य तेच विचारलं. एफजीएफ-२ चा नेहमी आढळणारा प्रकार १५५ अमिनो आम्लांचा, साधारण १८ किलोडाल्टन वजनाचा असतो. त्याची संरचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने १९९१ मध्ये उलगडली. त्यात १२ बीटा पट्ट्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या माळेचे ताणलेले भाग, आहेत, चार-चारच्या तीन गटांत. हे तिन्ही गट एका मध्य अक्षाभोवती जवळजवळ सारखेच मांडलेले असतात. बारापैकी सहा पट्ट्या मिळून एक छोटं पिंप तयार होतं आणि उरलेल्या सहा त्याचं एक तोंड बंद करतात. या घडणीला बीटा-ट्रेफॉइल म्हणतात. इंटरल्यूकिन-१ आणि सोयाबीनमधला ट्रिप्सिन-रोधक यांचीही घडण हीच, आणि तिघांची कामं मात्र अगदी वेगळी. म्हणजे आतला सांगाडा पाहून प्रथिन कुणाला धरेल हे कळत नाही. ते पृष्ठभागावर ठरतं.

या पृष्ठभागाकडे नीट पाहिलं तर एक बाजू लायसिन आणि आर्जिनिन यांनी भरलेली दिसते, म्हणजे धनभारित. ती बाजू रिसेप्टरसाठी नाही. ती हेपरन सल्फेट नावाच्या शर्करासाखळीसाठी आहे. ही साखळी जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर आणि पेशींमधल्या जाळ्यात असते आणि तिच्यावर सल्फेटमुळे भरपूर ऋणभार असतो. रिसेप्टरला टेकणारा भाग वेगळा आहे, आणि तिथे पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्लं जास्त आहेत.

तेव्हा कुलूप-किल्ली वर्गात जरूर सांगा. एमिल फिशरने १८९४ मध्ये ती उपमा विकरांसाठी वापरली होती आणि आकार जुळावा लागतो हे तिच्यातून मुलांना लगेच कळतं. पण लगेच पुढे सांगा की इथे मामला दोघांचा नाही. शर्करासाखळी हा तिसरा भागीदार आहे. शिवाय रिसेप्टरही एकटा असून भागत नाही. त्याचा पेशीच्या आतला भाग टायरोसिन कायनेज, म्हणजे टायरोसिनवर फॉस्फेट चढवणारं विकर, असतो, आणि दोन रिसेप्टर शेजारी आले की ते एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. तिथून पेशीला संदेश मिळतो. २००० मध्ये एफजीएफ, रिसेप्टर आणि हेपरिन (हेपरन सल्फेटचीच जवळची, जास्त सल्फेट असलेली साखळी) या तिघांच्या एकत्र स्फटिकांच्या दोन संरचना प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत दोन एफजीएफ आणि दोन रिसेप्टर होते. एकीत हेपरिनचे दोन तुकडे होते आणि मांडणी समतोल होती, दुसरीत एकच तुकडा आणि मांडणी तिरपी. या दोन मांडण्यांवरून आमच्या क्षेत्रात पुष्कळ वाद झाला. फळ्यावर काढायला समतोल मांडणी सोपी आहे. माझं मत विचाराल तर तीच काढा, फक्त साखळी वगळू नका.

आणखी एक सांगून ठेवते, कारण पाठ्यपुस्तकांतून उलटा समज होतो. सगळे ग्रोथ फॅक्टर एका साच्याचे नसतात. ईजीएफ ५३ अमिनो आम्लांचा आहे आणि तीन डायसल्फाइड बंधांनी, म्हणजे दोन-दोन सिस्टीनना जोडणाऱ्या गंधकाच्या बंधांनी, आवळलेला असतो. एनजीएफ आणि व्हीईजीएफ यांच्यात सिस्टीनची गाठच असते आणि ते जोडीने वावरतात. एफजीएफ-२ मध्ये सिस्टीन चार आहेत, पण आतल्या आत एकही डायसल्फाइड बंध नाही. हे लक्षात ठेवा, खाली एका प्रश्नात ते उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. एफजीएफ-२ च्या बंधनाची केडी एका शोधनिबंधात २० पिकोमोलर, दुसरीकडे २ नॅनोमोलर, तर शुद्ध रिसेप्टरचा तुकडा वापरून केलेल्या प्रयोगांत त्याहूनही बरीच कमकुवत दिसते. मॅडम, यातला खरा आकडा कोणता?

उत्तर : तिन्ही. प्रत्येक ठिकाणी वेगळी गोष्ट मोजली आहे. इतर वाचकांसाठी आधी एवढं सांगते : केडी म्हणजे ज्या संहतीला बांधून घेणाऱ्या जागांपैकी निम्म्या भरतात ती संहती. आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट.

१९८७ मध्ये संवर्धित पेशींवर केलेल्या मोजणीत दोन प्रकारच्या जागा सापडल्या. एक २० पिकोमोलरच्या आसपासच्या आणि दुसऱ्या २ नॅनोमोलरच्या, म्हणजे शंभरपट सैल पण संख्येने कितीतरी जास्त. त्या वेगळ्या ओळखण्याची युक्ती मला अजूनही फार आवडते. पेशी २ मोलर मिठाच्या उदासीन पीएचच्या द्रावणाने धुतल्या की सैल जागांवरचं एफजीएफ-२ सुटून येतं. घट्ट जागांवरचं मात्र तसंच राहतं. ते सोडवायला तेच खारट द्रावण पीएच ४ ला लागतं. पहिलं हेपरन सल्फेटवरचं, दुसरं रिसेप्टरवरचं. दोन धुण्यांत दोन भागीदार वेगळे झाले.

आता शुद्ध रिसेप्टरच्या तुकड्यावर पकड इतकी सैल का मिळते? कारण तिथे शर्करासाखळी नाही. १९९१ मध्ये हे पेशींवरच दाखवलं गेलं : ज्या पेशींना हेपरन सल्फेट बनवताच येत नाही, त्यांच्यात रिसेप्टर घातला तरी एफजीएफ-२ त्याला नीट बांधलं गेलं नाही. बाहेरून हेपरिन दिल्यावर बांधलं गेलं. म्हणजे २० पिकोमोलर हा एकट्या रिसेप्टरचा आकडा नाहीच. तो रिसेप्टर आणि साखळी यांच्या एकत्र पकडीचा आकडा आहे. तुम्ही टिपणात केडी लिहाल, तेव्हा शेजारी साखळी होती की नव्हती हेही लिहा. हे न लिहिलेले तक्ते मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांची तुलना करता येत नाही.

साखळीची पकड कशी असते हे कागदावर कळत नाही, कॉलमवर कळतं. संधी मिळाली तर हेपरिन कॉलम स्वतः चालवा. १९८४ मध्ये याच पद्धतीने हा घटक कर्करोगाच्या एका गाठीतून शुद्ध झाला, आणि तोवर रखडलेलं शुद्धीकरणाचं काम तिने सोपं केलं. कोल्ड रूममध्ये बसून भरड पेशीद्रव हेपरिनच्या मण्यांवरून सोडायचं. अर्धा मोलर मिठाने धुतलं की बाकीची बहुतेक प्रथिनं निघून जातात, आणि डिटेक्टरची रेघ चढून पुन्हा तळाला येते. मग मीठ हळूहळू वाढवत न्यायचं. १ मोलरच्या आसपास त्याचं भावंड एफजीएफ-१ सुटतं, पण एफजीएफ-२ अजून हललेलं नसतं. रेघ सपाट चालत राहते, आणि १.५ मोलरच्या सुमाराला ती एकदम उभी चढते, अरुंद आणि टोकदार. १.५ मोलर म्हणजे लिटरला ८८ ग्रॅम मीठ, समुद्राच्या पाण्याच्या अडीचपट खारट. रक्तातलं मीठ याच्या दहाव्या हिश्शाइतकं असतं. म्हणजे शरीरातल्या खारटपणाला ही पकड सहजासहजी सोडत नाही.

हे पाहिल्यावर कुणालाही वाटेल की हा सगळा धन आणि ऋण भारांचा खेळ आहे. तसं नाही. १९९४ मध्ये मीठ बदलत-बदलत बंधनऊर्जा मोजली गेली, तेव्हा निव्वळ विद्युतभारांचा वाटा तिच्यात सुमारे ३० टक्केच निघाला. उरलेली पकड हायड्रोजन बंध आणि अगदी जवळ टेकलेल्या अणूंमधल्या आकर्षणातून येते. म्हणून साखळीवर कुठे सल्फेट आहे याला महत्त्व आहे. नुसता भार भरपूर असून चालत नाही. एफजीएफ-२ ला धरायला ग्लुकोसामाइनच्या नायट्रोजनवरचं सल्फेट आणि आयड्युरॉनिक आम्लाच्या दुसऱ्या स्थानावरचं सल्फेट लागतं. सहाव्या स्थानावरचं सल्फेट त्याला धरायला लागत नाही, पण रिसेप्टरला सोबत घेऊन संदेश पाठवायला लागतं. याचा अर्थ असा की सहाव्या स्थानी सल्फेट नसलेली साखळी एफजीएफ-२ ला घट्ट धरून ठेवेल आणि तरीही पेशीला काही कळणार नाही. बंधन झालं म्हणजे काम झालं असं नाही. नवीन माणसाने या विषयात पहिल्यांदा मनावर बिंबवायची गोष्ट कोणती असं विचारलंत, तर मी हीच सांगेन.

दुसरी गोष्ट वेळेची. केडी हे सुटण्याचा वेग आणि जुळण्याचा वेग यांचं गुणोत्तर आहे. दोन जोड्या घ्या, दोघींची केडी १ नॅनोमोलर. पहिलीचा सुटण्याचा वेग सेकंदाला ०.००१. तिच्यातले निम्मे बंध साडेअकरा मिनिटांत सुटतात. दुसरीचा ०.०००१, आणि ती जुळतेही दहापट हळू. तिचे निम्मे बंध सुटायला जवळजवळ दोन तास लागतात. केडी एकच, पण पेशीच्या दृष्टीने या दोन जोड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून एसपीआर यंत्रावर (चिपवर लावलेल्या रेणूला दुसरा रेणू जुळताना आणि सुटताना ते दाखवतं) मोजाल तेव्हा शेवटचा आकडा घेऊन उठू नका, वक्राची उतरती बाजू नीट बघा. आणि चिपवर हेपरिन दाट लावलं असेल तर सावध राहा : सुटलेलं प्रथिन वाहून जायच्या आत शेजारच्या साखळीला पुन्हा धरतं आणि सुटण्याचा वेग खोटाच कमी दिसतो. सुटण्याच्या टप्प्यातल्या बफरमध्ये थोडं मोकळं हेपरिन घातलं की हा घोळ उघडा पडतो.

जाता जाता : काही शोधनिबंध अमिनो आम्लांचे क्रमांक १५५ अमिनो आम्लांच्या रूपावरून मोजतात आणि काही १४६ च्या आखूड रूपावरून. दोन्हींत नऊचा फरक पडतो. 'लायसिन १२५' आणि 'लायसिन १३४' ही एकच जागा असू शकते. उत्परिवर्तनाचे प्रायमर मागवण्याआधी हे तपासाच.

प्रश्न : मी स्टेम सेल कल्चर बघतो. मीडियममध्ये एफजीएफ-२ घातल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उरत नाही, रोज मीडियम बदलावं लागतं. कुणी सांगतं हेपरिन घाल, कुणी सांगतं नको. नक्की काय करावं?

उत्तर : तुमचा अनुभव बरोबर आहे. ३७ अंशांना मोकळं एफजीएफ-२ फार टिकत नाही. त्याची क्रियाशीलता साधारण १० तासांत निम्म्यावर येते. म्हणून मानवी स्टेम सेलच्या ई-८ मीडियममध्ये ते मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम इतकं भरपूर घालतात. रिसेप्टरला खरं तर त्याहून बरंच कमी पुरतं.

कारण घडणीतच आहे. वर म्हटलं तसं, आतून आवळून धरणारा एकही डायसल्फाइड बंध नाही. शिवाय एकाच बाजूला धनभारांची गर्दी आहे आणि ते भार एकमेकांना दूर लोटतात. गरम झालं की घडी सैल होते. चारपैकी दोन सिस्टीन पृष्ठभागावर आहेत, त्यांच्यामुळे दोन वेगळे रेणू एकमेकांना चिकटतात आणि मग गोळे होतात. या दोन सिस्टीनच्या जागी सेरीन घातलं तरी काम चालू राहतं, असं १९८० च्या दशकातच दिसून आलं होतं. हेपरिन त्या धनभारित बाजूवर बसतं, लोटालोटी शमवतं, आणि घडी उष्णतेला, आम्लाला आणि प्रथिनं तोडणाऱ्या विकरांनाही जास्त वेळ तोंड देते.

तरी हेपरिन डोळे मिटून ओतू नका. तुमच्या पेशींच्या अंगावर स्वतःचं हेपरन सल्फेट आहे. मीडियममध्ये मोकळं हेपरिन जास्त झालं, तर ते एफजीएफ-२ ला पेशीपासून दूर तरंगत ठेवतं आणि परिणाम उलटा होतो. थोडं-थोडं वाढवत एकदा वक्र काढा. तो मध्ये चढतो आणि पुढे उतरतो. तुमच्या पेशींसाठी शिखर कुठे आहे ते तुमच्याच प्लेटवर कळेल, कुणाच्या सांगण्यावरून नाही. आणि एवढं पाळा : साठा छोट्या कुप्यांत गोठवा, पुन्हापुन्हा वितळवू नका, सौम्य द्रावणात अल्ब्युमिन घाला. नाहीतर अर्धं प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटतं आणि दोष पुरवठादाराच्या माथी जातो. २०१८ मध्ये नऊ ठिकाणी बदल केलेला एक प्रकार प्रसिद्ध झाला. त्याचं वितळण्याचं तापमान १९ अंशांनी जास्त आहे आणि ३७ अंशांना तो २० दिवसांहून जास्त टिकतो. अशा स्थिर केलेल्या प्रकारांपैकी एखादा मिळत असेल तर आधी तो वापरून बघा.

यावर एक प्रश्न तुमच्याही मनात आला असेल : इतकं नाजूक प्रथिन शरीरात टिकतं कसं? ते मोकळं राहतच नाही. त्याला पेशीबाहेर जाण्याचा नेहमीचा संकेत-तुकडाही नसतो. ते पेशीपटलाच्या आतल्या बाजूच्या एका फॉस्फोलिपिडला चिकटतं, तिथे काही रेणू एकत्र येऊन पटलाला छिद्र पाडतात, आणि बाहेरचं हेपरन सल्फेट त्याला ओढून घेतं. पुढेही ते आधारपटलातल्या साखळ्यांवरच साठून राहतं. जखम झाली की साखळ्या आणि त्यांना धरणारी प्रथिनं तुटतात आणि साठा मोकळा होतो. इनक्युबेटरमधल्या मीडियममध्ये आपण त्याला असं उघड्यावर ठेवतो, जसं ते शरीरात जवळजवळ कधीच नसतं.

प्रश्न : चेहऱ्यावर लावायच्या सीरमवर 'ग्रोथ फॅक्टरयुक्त' असं लिहिलेलं असतं. याचा उपयोग होतो का?

उत्तर : अखंड त्वचेवर मला तशी अपेक्षा नाही. त्वचेचा वरचा मृत थर साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणूंना सहसा आत सोडत नाही, आणि एफजीएफ-२ आहे १८,००० डाल्टनचं. त्यात वरच्या उत्तरात सांगितलेला नाजूकपणा. बाटलीत ते घडीत आहे की नाही हे लेबलावरून कळत नाही. उघड्या जखमेची गोष्ट निराळी, तिथे हा थरच नसतो. जपानमध्ये एफजीएफ-२ चा फवारा त्वचेच्या व्रणांसाठी २००१ पासून मान्यताप्राप्त आहे. अमेरिकेत पीडीजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचं जेल मधुमेहींच्या पायाच्या व्रणांसाठी १९९७ मध्ये मंजूर झालं. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची औषधं आहेत, प्रसाधनं नाहीत.

प्रश्न : मी मेडिकलला आहे. एपर्ट सिंड्रोममध्ये रिसेप्टर एफजीएफला 'जास्त चांगलं' बांधतो असं वाचलं. चांगल्या बंधनाने आजार कसा होईल?

उत्तर : एपर्टमध्ये कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात आणि हातापायांची बोटं जोडलेली राहतात. जवळजवळ सगळ्या रुग्णांत एफजीएफआर-२ या रिसेप्टरमधल्या दोनपैकी एक बदल सापडतो : २५२ क्रमांकाच्या सेरीनच्या जागी ट्रिप्टोफॅन, किंवा शेजारच्या २५३ क्रमांकाच्या प्रोलिनच्या जागी आर्जिनिन. रिसेप्टरच्या बाहेरच्या भागात तीन क्षेत्रं असतात. एफजीएफ दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षेत्रावर आणि त्यांना जोडणाऱ्या तुकड्यावर बसतं. हे दोन्ही बदल नेमके त्या जोडतुकड्यात आहेत.

क्रूझाँ सिंड्रोम या कवटीचे सांधे वेळेआधी जुळण्याच्याच दुसऱ्या आजाराशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. तिथल्या बऱ्याच बदलांत एक सिस्टीन जोडीदाराविना उरतं, ते शेजारच्या रिसेप्टरच्या सिस्टीनशी बंध करतं, आणि एफजीएफ नसतानाही दोन रिसेप्टर कायमचे जोडले जातात. एपर्टमध्ये तसं होत नाही. तिथे रिसेप्टरला एफजीएफ लागतंच, पण एकदा धरलं की ते सुटायला उशीर लागतो. १९९८ मध्ये हे मोजलं गेलं : सेरीन-ट्रिप्टोफॅन बदलात एफजीएफ-२ च्या सुटण्याचा वेगच कमी झाला होता. नंतरच्या स्फटिक संरचनेत कारणही दिसलं. ट्रिप्टोफॅनचं मोठं, पाणी टाळणारं टोक एफजीएफ-२ ला टेकायला एक जादा जागा देतं. वर केडी आणि वेळ यांबद्दल लिहिलं, त्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. संदेश थांबायला हवा तेव्हा तो थांबत नाही, आणि वाढत्या कवटीत नेमकं तेच नडतं.

दुसरा बिघाड मला याहून गंभीर वाटतो. तिसऱ्या क्षेत्राचे 'बी' आणि 'सी' असे दोन पर्यायी नमुने असतात. अस्तर पेशी बी बनवतात, त्यांच्याखालच्या संयोजी ऊतीतल्या पेशी सी बनवतात. एफजीएफ-७ आणि एफजीएफ-१० या खालच्या पेशी तयार करतात, पण ते बसतात बी नमुन्यावर. म्हणजे बोलणारा एक आणि ऐकणारा दुसरा, अशी ती रचना आहे. २००० मध्ये दिसून आलं की सेरीन-ट्रिप्टोफॅन बदल झालेला सी नमुना एफजीएफ-७ आणि १० लाही धरू लागतो. पेशी स्वतः पाठवलेला संदेश स्वतःच ऐकू लागते. पकड नुसती घट्ट झाली नाही, तिची निवडही सुटली. परीक्षेत लिहिताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडा.

प्रश्न : आमच्या मुलीला एक्सएलएच आहे, म्हणजे रक्तात फॉस्फेट कमी राहणारा मुडदूस. डॉक्टर म्हणाले, तिचं एफजीएफ-२३ जास्त आहे. तुम्ही लिहिलंत की एफजीएफ पेशीजवळच अडकून राहतं. मग हे रक्तात कसं? आणि आमच्याकडच्या दोन रिपोर्टमध्ये आकडे इतके वेगळे का?

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. माणसात एफजीएफ कुटुंबाचे २२ सदस्य आहेत. त्यांपैकी १९, २१ आणि २३ हे तिघे हेपरन सल्फेटला फार कमकुवत धरतात, कारण साखळी जिथे बसते त्या भागाची घडणच त्यांच्यात वेगळी आहे. साखळ्यांत न अडकल्यामुळे ते रक्तातून दूरवर जातात आणि संप्रेरकासारखं काम करतात. एफजीएफ-२३ हाडातल्या पेशी बनवतात आणि ते मूत्रपिंडावर काम करतं : फॉस्फेट लघवीतून जाऊ देतं आणि ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप कमी करतं.

साखळीची मदत एवढी कमी, तर मग रिसेप्टरला ते धरतं कसं? तिथे क्लोथो नावाचं प्रथिन मदतीला येतं. २०१८ मध्ये तिघांची एकत्र संरचना दिसली. त्यात क्लोथो एका हाताने रिसेप्टरला आणि दुसऱ्या बाजूने एफजीएफ-२३ च्या शेपटाला धरून दोघांना जवळ ठेवतं. क्लोथो मूत्रपिंडात भरपूर असतं, म्हणून हे संप्रेरक रक्तात सगळीकडे फिरलं तरी त्याचं मुख्य काम तिथे होतं.

एक्सएलएचमध्ये फेक्स नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे एफजीएफ-२३ जास्त तयार होतं. एफजीएफ-२३ मध्ये काही दोष नसतो, प्रमाण वाढलेलं असतं. २०१८ मध्ये मंजूर झालेलं बुरोसुमॅब हे औषध म्हणजे एफजीएफ-२३ ला धरणारं प्रतिपिंड आहे. ते त्याला रिसेप्टरपर्यंत पोचू देत नाही.

आता तुमचे रिपोर्ट. एफजीएफ-२३ २५१ अमिनो आम्लांच्या रूपात तयार होतं, आणि शरीर ते १७९ आणि १८० या क्रमांकांच्या मध्ये तोडून निकामी करतं. म्हणून तपासणीचे दोन प्रकार आहेत. 'इंटॅक्ट' तपासणी फक्त अखंड, काम करणारं प्रथिन मोजते आणि आकडा सहसा मिलिलिटरला पिकोग्रॅममध्ये देते. 'सी-टर्मिनल' तपासणी अखंड प्रथिन आणि तुटलेले शेपटाकडचे तुकडे, दोन्ही मोजते आणि आकडा सापेक्ष एककांत देते. या दोन आकड्यांची आपसांत तुलना करायची नाही. शरीरात लोह कमी असेल तर सी-टर्मिनलचा आकडा वाढू शकतो, कारण तेव्हा तुकडे वाढतात. दोन्ही रिपोर्टवर तपासणीचं नाव आणि एकक कुठे लिहिलंय ते बघा, आणि पुढच्या भेटीत दोन्ही कागद सोबत न्या. बुरोसुमॅब चालू असेल तर प्रतिपिंडाने धरलेलं, काम न करणारं एफजीएफ-२३ रक्तातच फिरत राहतं. त्यामुळे त्याचा आकडा चढलेला दिसला म्हणून घाबरू नका. अशा वेळी डॉक्टर उपचाराचा अंदाज रक्तातल्या फॉस्फेटवरून घेतात, त्याची नोंद मात्र तारखेनिशी ठेवत चला.